एरंडाच्या बियांतील शर्करा : हॅरी बीव्हर्स यांचे संशोधन

निष्फळ खटाटोपाला मराठीत 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतात. परंतु एरंडाचे बी अंकुरताना अक्षरशः हेच गुऱ्हाळ चालविते : त्यातील तेल थोड्याच दिवसांत आटते आणि भ्रूणपोषात शर्करा निर्माण होऊन वाढत्या रोपाकडे जाते. ही घटना जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांस ठाऊक होती. तिचा रासायनिक मार्ग मात्र ज्ञात नव्हता. तो उलगडण्याचे श्रेय ज्यांच्याकडे मुख्यत्वे जाते, ते हॅरी बीव्हर्स (1924–2004) होत.

बीव्हर्स हे उत्तर इंग्लंडमधील डरहॅम परगण्याचे. ऑक्सफर्ड येथे डब्ल्यू. ओ. जेम्स यांच्या सहवासात त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास केला, व 1950 साली ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेले. श्वसन म्हणजे केवळ ज्वलन नव्हे, त्याच वाटेवर पेशीची घडणही होत असते, ही दृष्टी त्यांनी येथून पुढे कधी सोडली नाही.

अडचण अशी होती. मेदाम्लांच्या विघटनातून दोन कार्बनांचा अ‍ॅसिटिल गट मिळतो. तो क्रेब्ज चक्रात शिरला की प्रत्येक फेरीत दोन कार्बन कर्बवायूच्या रूपाने बाहेर पडतात. म्हणजे शर्करेसाठी निव्वळ शिल्लक काहीच उरत नाही. मग बीज शर्करा आणते कोठून? 1957 साली कॉर्नबर्ग व क्रेब्ज यांनी सूक्ष्मजीवांच्या बाबतीत याचे उत्तर सुचविले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधील वास्तव्यात बीव्हर्स यांनी कॉर्नबर्ग यांच्यासह तेच उत्तर एरंडाला लावले. आयसोसायट्रेट लायेझ व मॅलेट सिंथेझ ही दोन विकरे त्यांना भ्रूणपोषात आढळली. या विकरांमुळे कर्बवायू बाहेर पडण्याचे दोन्ही टप्पे टाळले जातात, आणि दोन अ‍ॅसिटिल गटांपासून चार कार्बनांचे सक्सिनेट तयार होते. पुढे शर्करा होताना चारांपैकी एकच कार्बन खर्ची पडतो. कॅन्व्हिन यांच्यासह 1961 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत किरणोत्सर्गी कार्बनाने अंकित केलेले अ‍ॅसिटेट सुक्रोजमध्ये कसे पोचते हे त्यांनी दाखविले.

येथे थांबूनही कीर्ती मिळाली असती. परंतु ही विकरे पेशीत नेमकी कोठे असतात, हा प्रश्न उरला होता. सर्वसाधारण समजूत तंतुकणिकांच्या बाजूची होती. ब्रायडेनबाख व बीव्हर्स यांनी भ्रूणपोषाचा रस साखरेच्या घनता-उतारावर अपकेंद्रित केला, तेव्हा तंतुकणिका सुमारे 1.19 घनतेला स्थिरावल्या आणि ही दोन विकरे सुमारे 1.25 घनतेच्या निराळ्याच पट्ट्यात सापडली. 1967 साली या कणांना त्यांनी 'ग्लायॉक्सिसोम' हे नाव दिले. 1969 मध्ये कूपर व बीव्हर्स यांनी मेदाम्लांचे बीटा-ऑक्सिडीकरणही याच कणांत होते असे सिद्ध केले. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच अधिक धाडसी निष्कर्ष होता, कारण तोवर ते कार्य तंतुकणिकांचेच मानले जाई. कणांत कॅटलेझही असल्याने द दूव्ह यांच्या पेरॉक्सिसोमांशी त्यांचे नाते उघड झाले. टॉल्बर्ट यांनी पानांतील पेरॉक्सिसोम 1968 च्या सुमारास वेगळे केलेच होते.

1969 पासून बीव्हर्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील केंद्रात होते. येथे त्यांनी लॉर्ड, कागावा व मूर यांच्यासह ग्लायॉक्सिसोमांचे आवरण अंतर्द्रव्यजालापासून निपजते असे प्रतिपादन केले. लेसिथिन त्या जालात तयार होते, हा त्यांचा 1973 चा पुरावा भक्कम होता. मात्र ग्लायॉक्सिसोमांतील प्रथिने जालातून न येता मुक्त रायबोसोमांवर तयार होऊन मागाहून आत शिरतात, असे पुढे सिद्ध झाले. 1985 पर्यंत तर पेरॉक्सिसोम हे पूर्वीच्या पेरॉक्सिसोमांच्या विभाजनानेच होतात, हे मत प्रस्थापित झाले आणि जालाचा सिद्धांत मागे पडला. पण 2005 साली यीस्टवरील प्रयोगांनी जालाचा सहभाग पुन्हा पुढे आणला, आणि आवरणाच्या बाबतीत बीव्हर्स यांचे म्हणणे निराधार नव्हते असे दिसून आले.

दुसरी दुरुस्ती अधिक व्यापक ठरली. काकडीच्या बीजपत्रांना उजेड मिळून ती हिरवी होतात, तेव्हा ग्लायॉक्सिसोम नाहीसे होऊन त्यांच्या जागी नवे पेरॉक्सिसोम येत नाहीत. त्याच कणांत विकरांची अदलाबदल होते, हे 1985 साली टायटस व बेकर यांनी दाखविले. त्यामुळे 'ग्लायॉक्सिसोम' हा वेगळा कणप्रकार नसून पेरॉक्सिसोमाची एक अवस्था मानावी लागते.