खंड्याची जहागीर

कुत्र्याला जहागीर आणि वर पालखीचा मान! ऐकताना थाप वाटते, पण ही हकिकत चक्क ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा (कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत, ते बरेच नंतरचे) एक लाडका कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीच्या सनदा काढल्या, पालखी दिली, आणि पालखीचा सगळा सरंजाम खरोखर चालूही ठेवला गेला. एकदा तर दोन मराठा सरदार भेटीला आले असता भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने चढवले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पुढे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर कधीच काही घातलं नाही, असंही डफ सांगतो.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर, या कुत्र्याची समाधी दाखवतात. लोक त्याला खंड्या म्हणतात.

डफसाहेब या सगळ्याला बुद्धिभ्रंश म्हणून मोकळा होतो. आता डफ काही ऐकीव गप्पा मारणारा प्रवासी नव्हता. १८१८ ते १८२२ तो साताऱ्यातच कंपनीचा अधिकारी होता. पण शाहू महाराज वारले १७४९ मध्ये, म्हणजे मधे सत्तर वर्षं गेलेली. शिवाय ज्याला वेडा म्हणायचं त्याच्याच काळात मराठी फौजा उत्तरेत पोचल्या. आमच्या वालीवपासून हाकेच्या अंतरावरचा वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला, तोही याच छत्रपतींच्या राज्यात. वसई पडल्यावर घाबरलेल्या मुंबईकर इंग्रजांनी एक वकील इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे धाडला आणि दुसरा, कॅप्टन गॉर्डन, थेट शाहूंकडे. वेड्याकडे कुणी वकील पाठवत नाही!

पगडीचं सोडून द्या, तो झटका असेलही. पण जहागिरीकडे जरा हिशेबाच्या नजरेने बघा. त्या काळात पगार, पेन्शन, देवळाचा दिवाबत्तीचा खर्च, सगळं कुठल्या तरी गावाच्या वसुलावर लावून दिलं जायचं. जहागीर म्हणजे कायमची बजेट लाइन. कुत्र्याला सनद दिली म्हणजे त्याला काही ती वाचता येणार नव्हती. ती होती त्याची देखभाल करणाऱ्या माणसांसाठी. राजाची मर्जी फिरली तरी खंड्याचं खाणं बंद होऊ नये, याची लेखी सोय.

आणि शिकारी कुत्र्याला माणूस लागतोच. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत ‘शिकारखाना’ हे स्वतंत्र खातं होतं, ते उगाच नाही. शिकारी कुत्रे ढोबळमानाने दोन जातीचे. एक वासावर चालणारे, दुसरे नजरेवर. दख्खनच्या उघड्या माळावर दुसऱ्यांचं राज्य. आपला कारवानी (ज्याला मुधोळ म्हणतात तो) आणि लांब केसांचा पश्मी हे नजरेवाले. लांबट डोकं, खोल छाती, पोट आत गेलेलं, अंगावर चरबी नाही. ससा दिसला की सुटलाच. कोकणातल्या रानात मात्र हा शहाणा काय करणार? चार हातांपुढचं दिसत नाही! तिथे गावठी कुत्री आणि हाकारा घालणारी माणसं हीच जोडी चालायची. कुत्र्यांनी भुंकून डुक्कर उठवायचं, माणसांनी आरडाओरडा करून ते वळवायचं.

कारवानीला पळायला शिकवावं लागत नाही. शिकवायचं ते थांबायला. जनावर दिसलं तरी दोरी सुटेपर्यंत उभं राहायचं, आणि हाक आली की परत यायचं. हे मारून येत नाही. मार खाल्लेला कारवानी बुजतो आणि मग हाकेला येतच नाही. त्यापेक्षा जाणत्या कुत्र्याबरोबर पिल्लू सोडायचं, ते बघून बघून शिकतं. पळण्याआधी पोटभर खायला द्यायचं नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्याचं भरलं पोट पिळलं जाऊन तो तासाभरात दगावू शकतो. परत आल्यावर पायात काटे बघायचे, कानात गोचीड बघायचे. थंडीत अंगाखाली पोतं, कारण चरबी नसल्याने तो कुडकुडतो. ही सगळी रोजची, कंटाळवाणी, न दिसणारी कामं. आमच्या धंद्यात याला मेन्टेनन्स म्हणतात आणि त्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही.

मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान घोरपडे या मराठा घराण्याचं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली म्हणून तिला गावाचं नाव मिळालं. त्यांनी १९३७ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. गंमत अशी की पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच वारला होता! म्हणजे साल तरी चुकलंय किंवा राजा तरी. पण कॉपी-पेस्टचा महिमा अगाध आहे.

राजे गेले, संस्थानं गेली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची सोयही संपली. वन्य जनावरामागे कुत्रा सोडणं हीसुद्धा आज कायद्याने शिकारच. हे झालं ते योग्यच झालं. आमच्या मागचा तुंगारेश्वरचा डोंगर २००३ पासून अभयारण्य आहे, तो तसाच राहू दे. पण हजार पिढ्या एकाच कामासाठी घडवलेल्या जनावराचं काम एका कायद्याने गेलं, त्याचं काय करायचं हा प्रश्न कायद्यात नाही.

काही उत्तरं निघाली. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळवर तिकीट काढलं (तिकिटावर पोट भरत नाही, असो). मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र निघालं. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळ कुत्री प्रशिक्षणाला गेली. छान. पण त्याच्या आदल्याच वर्षी माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून बाहेर आलं होतं, की कामाला निकामी झालेल्या लष्करी कुत्र्यांना मारून टाकण्याची पद्धत होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मग धोरण बदलायची भाषा सुरू झाली. म्हणजे निवृत्त कुत्र्याला खायला घालण्याची लेखी सोय शाहू महाराजांनी अडीचशे वर्षांहून आधी केली होती. मग वेडा कोण?

आणि हे फक्त लष्कराला विचारून भागणार नाही. ‘रुबाबदार दिसतो’ म्हणून आणलेला कारवानी गाळ्याबाहेर दोन हाताच्या साखळीला बांधला, तर ती त्याची निवृत्ती नाही, कैद आहे. त्याला रोज मोकळं पळायला जागा लागते आणि पळवायला माणूस लागतो. ते जमत नसेल तर आणू नये. आपल्या गल्लीतलं गावठी कुत्रं काही कमी निष्ठावान नसतं, आणि त्याला वन रूम किचनचीही तक्रार नसते!

डफने खंड्याचा पराक्रम एका वाक्यात उरकला आणि पालखीला लहर म्हटलं. मला विचाराल तर वाघासमोरची ती दोन मिनिटं कुठल्याही चांगल्या कुत्र्याने दिली असती. अवघड काम पुढचं होतं. वाघ गेल्यावर, शिकार संपल्यावर, कुत्रा म्हातारा झाल्यावरही रोज त्याच्यासमोर ताट येईल हे बघण्याचं. ते एका राजाने सनदेवर लिहून दिलं, यात वेड शोधण्यापेक्षा थोडी लाज शिकलेली बरी.