चुलीवरचं शिसं

महाड-पोलादपूरच्या बाईला शिवकाळ वेगळा शिकवावा लागत नाही. रायगड आपल्या महाड तालुक्यात, त्याच्या पायथ्याला पाचाडला जिजाऊंची समाधी, पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आणि वर घाटमाथ्याकडे प्रतापगड. शाळेच्या सहलीपासून आपण हे बघत आलोय. त्या गोष्टींमध्ये तलवार असते, वाघनखं असतात, तोफ असते. बंदुकीची गोळी मात्र कुणी दाखवत नाही. ती गोळी तयार कुठे व्हायची, हे तर कुणी विचारतच नाही. आज तिच्याविषयी बोलू, कारण ती चुलीवर होण्यासारखी वस्तू होती. आणि चूल म्हटली की विषय आपला झाला.

गोळी शिशाची. आता पोलादपूरच्या नावात पोलाद आहे, पण आपल्या डोंगरात शिसं नाही. आपला सगळा काळा कातळ. राजस्थानात जावरला शिशाच्या जुन्या खाणी आहेत, आपल्याकडे तसं काही नाही. म्हणजे स्वराज्याच्या बंदुकीतली गोळी बाहेरून आलेल्या धातूची होती. ईस्ट इंडिया कंपनी विलायतेहून हिंदुस्थानात जो माल आणायची, त्यात शिशाच्या लगडी नेहमी असत. तोफा विकायला इंग्रज कां-कूं करत, कारण मोगल रागावतील ही भीती. शिसं मात्र व्यापाराचा नेहमीचा माल. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंद आहे, की शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून ऐंशी तोफा घेतल्या आणि आपल्या सगळ्या तोड्याच्या बंदुकांना पुरेल इतकं शिसं घेतलं. तोफांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्या शिशाचं जास्त वाटतं. तोफ एकदा घेतली की पिढ्यान् पिढ्या चालते, शिसं उडवलं की संपलं.

आपल्याकडे असा जड माल यायचा रस्ता पाण्याचा. बाणकोटच्या खाडीतून गलबतं सावित्रीत शिरत, मोठी दासगावला थांबत, लहान पडाव भरतीच्या पाण्यावर थेट महाडपर्यंत येत. तिथून पुढे बैल आणि माणसाची पाठ. एक लिटरच्या तांब्यात पाणी भरलं तर ते एक किलो भरतं. तोच तांब्या शिशाने भरला तर अकरा किलोच्या वर जातो. असं ओझं घेऊन गड चढायचा!

ग्रँट डफ आणखी एक गोष्ट सांगतो. पायदळात घाटावरचे मावळे तलवारीत तरबेज आणि कोकणातले हेटकरी बंदुकीच्या नेमात. हत्यार ज्याचं त्याने आणायचं, दारूगोळा तेवढा सरकार देणार. हत्यार ज्याचं त्याचं, म्हणजे प्रत्येक बंदूक वेगळ्या लोहाराच्या हातची, प्रत्येक नळीचं तोंड थोडं लहान-मोठं. एकीची गोळी दुसरीला बसेलच असं नाही. म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचा असे. साचा हरवला तर बंदूक म्हणजे नुसती काठी.

हा साचा दिसायला सांडशीसारखा. दोन दांडे, पुढे दोन चपटे जबडे, प्रत्येक जबड्यात अर्ध्या गोळीचा खळगा. मिटला की आत पूर्ण गोल पोकळी आणि वर ओतायला छोटं भोक. काही साचे मऊ दगडात कोरलेलेही असत, दोन दगड एकमेकांवर बसवायचे.

आणि ओतायचं कसं? इथे चूल पुरते. भजी तळायचं तेल साधारण १८० अंशांवर असतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. तांब्याला १०८५ लागतात, लोखंडाला १५०० च्या वर, म्हणून त्यांना भट्टी आणि भाता हवा. शिशाला लोखंडी पळी आणि चांगल्या लाकडांचा जाळ बास. वितळलं की वर काळपट मळी येते. त्यात मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की मळी सुटते, ती काढून टाकायची. साचा आधी तापवावा लागतो. थंड साच्यात शिसं आत पसरायच्या आधीच गोठतं आणि गोळीला सुरकुत्या पडतात. बिडाच्या तव्यावरचं पहिलं घावन जसं कधी नीट सुटत नाही, तशा पहिल्या चार गोळ्या पुन्हा पळीत जातात. खळग्याला दिव्याची काजळी धरली की गोळी सुटून येते. मग वरचं शेपूट कापायचं, ते तुकडेही पळीत. वाया काही जात नाही. एकच गोष्ट जपायची, ती पाणी. ओली पळी किंवा ओलं शिसं वितळलेल्या शिशात गेलं तर पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं तोंडावर उडतं. गरम तेलात थेंब पडला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. हे त्याच्या कितीतरी पट वाईट.

साच्याचं दुखणंही तव्यासारखंच, गंज. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खळग्याला एकदा गंजाचे खड्डे पडले की गोळी खडबडीत निघते आणि नळीत अडते. म्हणून काम झालं की साचा कोरडा पुसायचा, तेल लावून ठेवायचा, आणि पुढच्या वेळी ओतण्याआधी खळग्यातलं तेल पूर्ण पुसायचं, नाहीतर गोळी पोकळ येते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात तोफांसाठी हेच आहे: पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांच्या कानात मेण भरावं. दारूखाना घराजवळ नसावा आणि दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हात द्यावी, हेही त्यांनीच लिहिलं. पापड-कुरडयांना ऊन देणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

या कामात कोणाकोणाचे हात असतील? आपल्याकडच्या जुन्या हिशेबांत शिसं किती, दारू किती, हे मिळतं. ओतणाऱ्याचं नाव येत नाही. पण अमेरिकेत असा एक हिशेब राहिला आहे. १७७६ साली न्यूयॉर्कच्या लोकांनी इंग्लंडच्या राजाचा पुतळा पाडला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे लिचफिल्ड नावाच्या गावी ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी नेले आणि तिथे घरच्या आणि शेजारच्या बायका-मुलांनी त्याच्या गोळ्या ओतून काडतुसं भरली. एकूण ४२,०८८. कोणी किती केली तेही लिहिलं आहे. वोलकॉट यांची मुलगी मेरी अॅन, वय अकरा, तिच्या नावावर १०,७९०. तिचा धाकटा भाऊ फ्रेडरिक, त्याच्या नावावर ९३६. आपल्या गटाच्या वहीत जसा प्रत्येकीचा हप्ता लिहितो, अगदी तसं. त्या वहीमुळे अडीचशे वर्षांनी आपण इथे महाडात बसून मेरी अॅनचं नाव घेतोय.

इकडे मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी जळाला आणि राज्य गेलं. १८७८ च्या कायद्याने बंदुकीला परवाना लागला. तरी गोळी ओतणं संपलं नाही. भातात रानडुक्कर शिरतं म्हणून शेती राखायला ठासणीची बंदूक कोकणात राहिली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक-संरक्षणासाठी तिचा परवाना आहे. (परवाना बंदुकीचा. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.) बैठकीत हा विषय काढला तर साठी ओलांडलेली एखादी बाई हमखास म्हणते, सासरे पडवीत बसून गोळ्या ओतायचे, जाळ मीच घालायचे. हे ऐकलं की गटाच्या इतिवृत्तात दोन ओळी लिहून ठेवा. बाईचं नाव, गावाचं नाव, काय केलं ते.

आता बंदुका कमी झाल्या, पण चुलीवरचं शिसं गेलेलं नाही. सावित्रीत पाग टाकणाऱ्याला जाळ्याच्या काठाला वजन लागतं. जुनं शिसं, कधी फुटक्या बॅटरीतलं, घरीच वितळवून ते वजन केलं जातं. अकरा वर्षांच्या मेरी अॅनच्या वेळी कुणाला भीती वाटली नव्हती. आज डॉक्टर सांगतात की शिशाचं निर्धोक असं प्रमाण कुठलंच नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच म्हणते. ते धुरातून जातं, मळीच्या भुकटीतून जातं, हात न धुता खाल्लं की जातं. हाडांत साठतं, आणि बाई गरोदर राहिली की तिच्या हाडांतून बाळापर्यंत पोचतं. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, तोही बाहेरून काही न दिसता. शरीरात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. आपल्या किती जणींचं रक्त कमी आहे, ते प्रत्येक शिबिरात दिसतंच.

म्हणून ज्या पळीत किंवा पातेल्यात एकदा शिसं वितळलं, ते पुन्हा स्वयंपाकात नको, कितीही घासलं तरी नको. वितळवायचंच असेल तर चुलीवर नाही, घरापासून लांब, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि पोरं-गरोदर बाया तिथे नकोत. मळी परसात टाकू नका, कोंबड्या तिथेच टिपतात. बॅटरी फोडू नका. आतलं अॅसिड वेगळंच भाजतं, आणि नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो. जुना साचा घरात असेल तर तेलाच्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवा, पोरांच्या खेळण्यात नको. आणि ज्या घरात हे काम वर्षानुवर्षं झालंय, तिथल्या मुलाचं पोट सारखं दुखत असेल, तर डॉक्टरांना शिशाचं नाव घेऊन सांगा. शिबिरात बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन बघतात, त्यात शिसं दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी असते, ती मागून घ्यावी लागते.