मांडवीची चिठ्ठी

देवळ्याहून सटाणा, साक्री, नंदुरबार करीत उत्तरेकडे गेले आणि तापी ओलांडली की शहादा लागते. एखादा पक्षी त्याच्या ज्ञात प्रदेशाबाहेर आढळला असे कोणी म्हणते, तेव्हा पुरावा कोणता मानावा, हा प्रश्न याच खानदेशी पट्ट्याशी विलक्षण रीतीने जोडला गेला आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. पाठचिकित्सेचा प्रश्न तरी याहून निराळा काय असतो?

पक्षी म्हणजे रानपिंगळा. गावातल्या पिंगळ्याचाच हा भाऊबंद. पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर दाट पट्टे, पोट पांढरे, आणि वावर बराचसा दिवसाउजेडी. 1872 साली आजच्या छत्तीसगडात मिळालेल्या नमुन्यावरून अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे वर्णन केले. (होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम.) पुढे मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने गोळा केले. 1884 नंतर रानपिंगळा नाहीसा झाला. अपवाद एकच: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील नमुना. त्याच्या चिठ्ठीवर स्थळ होते गुजरातेतील मांडवी, साल 1914.

संग्रहालयात पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी ही पोथीच्या पुष्पिकेसारखी असते. कोणी, कुठे, केव्हा, एवढेच ती सांगते. पण ती खोटी निघाली तर पोथी अस्सल असूनही निराधार होते. मांडवीच्या चिठ्ठीवर अनेक दशके कोणी संशय घेतला नाही. माइनर्ट्झहागेन यांना नमुने परवानगीविना नेल्याबद्दल 1919 मध्ये लंडनच्या संग्रहालयाने पक्षिदालनात येण्यास काही काळ बंदी केली होती, तरीही. मोठ्या नावाचा दबदबा असा असतो.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी तो नमुना पारखला. क्ष-किरण चित्रे, आत भरलेला कापूस, कातडे तयार करण्याची ढब, सारे तपासता निष्कर्ष निघाला की हा पक्षी खानदेशातला, डेव्हिडसन यांचा. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नव्या चिठ्ठीने मांडवीला पाठवलेला. हस्ताक्षर झाकले तरी शैली लपत नाही, हे आपल्या कर्तृत्वनिश्चितीच्या वादांत किती वेळा दिसले आहे! नायजेल कॉलर यांच्यासह त्यांनी हे 1999 मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले.

तपासाचा खरा लाभ मात्र त्याआधीच पदरात पडला होता. सत्तरच्या दशकात सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनी घेतलेला शोध निष्फळ ठरला होता. मांडवी वगळून केवळ अस्सल नमुन्यांची स्थळे धरली, तेव्हा रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे मेळघाट आणि यावल इथेही तो आढळला. अशा नोंदींवरच कोणते जंगल राखायचे हे ठरते. खोट्या चिठ्ठीची किंमत शेवटी पक्ष्याला मोजावी लागते.

2014 मध्ये तो थेट तानसा अभयारण्यात, पश्चिम घाटाच्या बाजूला, सापडला. सातपुडा-मेळघाटापुरता मानलेला प्रदेश एकाएकी दक्षिणेस सरकला. तो वाट चुकलेला पाहुणा नव्हता, तिथलाच रहिवासी निघाला; आजवर तिथे त्याला कोणी शोधलेच नव्हते.

आणि 2015 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली ती डांगमधील पूर्णा अभयारण्यातून. म्हणजे गुजरातेतून, मांडवीपासून फार दूर नसलेल्या रानातून. मग कर्नलसाहेबांचे म्हणणे खरे ठरले काय? आमच्या मते मुळीच नाही. प्रक्षिप्त ओवीतला आशय मूळ कवीला मान्य झाला असता, म्हणून ती ओवी त्याची होत नाही. 1914 ची नोंद खोटी ती खोटीच. डांगमधला पक्षी त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर उभा आहे.