टांगता गॅस पॅटिओ हीटर

टांगता गॅस पॅटिओ हीटर हे उघड्या किंवा अर्धवट उघड्या जागेत बसलेल्या माणसांना ऊब देणारे, छताखाली किंवा भिंतीवर उंचावर बसवले जाणारे उपकरण आहे. नैसर्गिक वायू किंवा द्रवीभूत पेट्रोलियम वायू (एलपीजी) हे त्याचे इंधन असते. उपाहारगृहांचे ओटे, गच्च्या, हॉटेलांची अंगणे, क्रीडांगणांतील प्रेक्षागारे आणि थंड प्रदेशांतील घरांचे व्हरांडे येथे त्याचा वापर होतो. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या छत्रीच्या आकाराच्या हीटरपेक्षा तो जागा कमी अडवतो व धक्का लागून कलंडत नाही. मात्र त्याची गॅसजोडणी कायमस्वरूपी असल्यामुळे त्याची बसवणी अधिक काटेकोर असावी लागते.

कार्यतत्त्व

उघड्या जागेत हवा तापवून उपयोग होत नाही, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणून पॅटिओ हीटर हवेऐवजी माणसे, खुर्च्या व जमीन यांना थेट तापवतो. हे काम अवरक्त प्रारणाने होते. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु त्वचेवर व कपड्यांवर पडताच त्यांची उष्णता होते. हिवाळ्यातील कोवळ्या उन्हात हवा थंड असूनही ऊब वाटते, त्यामागेही मुख्यतः थेट पडणारे प्रारणच असते.

हीटरमधील सिरॅमिक फरशीचे तापमान सुमारे ८५० ते ९५० अंश सेल्सिअस असते. या तापमानाला प्रारणाची तीव्रता सुमारे २.५ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ सर्वाधिक असते. पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे गॅसचा दाब थोडा कमी होऊन फरशी किंचित जरी निस्तेज झाली, तरी खाली बसलेल्यांना मिळणारी ऊब लक्षणीय घटते. इंधनातील उर्वरित ऊर्जा तप्त ज्वलनवायूंसोबत वर निघून जाते.

इतिहास

जर्मनीतील ग्युंटर श्वांक यांनी १९३० च्या दशकात सिरॅमिक फरशीचा, गॅसवर चालणारा अवरक्त बर्नर विकसित केला. प्रारंभी त्याचा उपयोग कारखाने, गोदामे व कार्यशाळा यांसारख्या उंच छताच्या इमारतींत झाला. उपाहारगृहांच्या बाहेरील बैठकीसाठी असे हीटर पुढे सर्रास वापरले जाऊ लागले. आयर्लंडमध्ये २९ मार्च २००४ रोजी आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ रोजी बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी झाल्यानंतर तेथे ग्राहकांची बाहेर बसण्याची मागणी वाढली व त्याबरोबर हीटरचा वापरही वाढला. कोविड-१९ च्या साथीत २०२०-२१ च्या हिवाळ्यात उघड्यावर जेवण्याची सोय करण्यासाठी अनेक शहरांत त्यांना पुन्हा मोठी मागणी आली.

रचना

टांगत्या हीटरचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे असतात :

१. सिरॅमिक फरशी : हिच्यात सुमारे एक मिलिमीटर व्यासाची असंख्य आरपार छिद्रे असतात. गॅस व हवा यांचे मिश्रण मागून येऊन पुढच्या पृष्ठभागालगत जळते. सिरॅमिक उष्णतेचे मंद वाहक असल्याने फरशीची मागची बाजू तुलनेने थंड राहते आणि ज्योत मागे शिरत नाही.
२. जेट व मिश्रणनळी : जेटच्या बारीक छिद्रातून वेगाने निघणारा गॅस आपल्यासोबत ज्वलनास लागणारी हवा ओढून घेतो.
३. परावर्तक : ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलचा हा पत्रा प्रारण खाली वळवतो.
४. गॅस व्हॉल्व्ह व रेग्युलेटर : यांच्यामुळे बर्नरला ठरावीक दाबाने गॅस मिळतो.
५. प्रज्वलन व ज्योत-संवेदन यंत्रणा : ठिणगीने ज्योत पेटते. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद होतो.

ज्योत ओळखण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. साध्या हीटरमध्ये पायलट ज्योतीत तापयुग्म असते. ते तापल्यावर सुमारे २० ते ३० मिलिव्होल्ट विद्युतदाब निर्माण करते व त्यावर व्हॉल्व्हमधील विद्युतचुंबक धरून राहतो. विजेवर चालणाऱ्या हीटरमध्ये ज्योतीतून वाहणारा काही मायक्रोॲम्पिअरचा प्रवाह नियंत्रक तपासत राहतो.

इंधन आणि दाब

एलपीजीच्या ज्वलनातून प्रति किलोग्रॅम सुमारे ४६ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ १२.८ किलोवॉट-तास ऊर्जा मिळते. त्यामुळे १२ किलोवॉट क्षमतेचा हीटर तासाला सुमारे ०.९ किलोग्रॅम गॅस जाळतो आणि १९ किलोग्रॅमचा व्यावसायिक सिलिंडर त्यावर साधारण २० तास चालतो.

भारतात एलपीजी सिलिंडरवरील घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० ग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब देतो. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूचा दाब यापेक्षा कमी असतो. समान आकारमानाच्या प्रोपेनमध्ये नैसर्गिक वायूच्या जवळपास अडीच पट ऊर्जा असल्याने एलपीजीचे जेट बारीक व नैसर्गिक वायूचे जेट मोठे असते. एका इंधनाचा हीटर दुसऱ्या इंधनाला तसाच जोडणे धोकादायक आहे. नैसर्गिक वायूच्या जेटमधून एलपीजी सोडल्यास बर्नर क्षमतेबाहेर जळतो, फरशी तडकते आणि अपुऱ्या हवेमुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. इंधन बदलायचे असल्यास उत्पादकाने दिलेले जेट व रेग्युलेटर यांचा पूर्ण संच प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावा लागतो.

समुद्रसपाटीपासूनची उंचीही विचारात घ्यावी लागते. सुमारे २,२०० मीटर उंचीवरील शिमल्यात हवेची घनता जवळपास एक पंचमांशाने कमी असते. तेथे मैदानी प्रदेशासाठीचे जेट वापरल्यास ज्वलनास पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही.

बसवणी

जागेची निवड : उत्पादकाने हीटरच्या पट्टीवर व पुस्तिकेत वर, खाली, बाजूंना आणि समोर सोडण्याची किमान अंतरे दिलेली असतात. ही अंतरे प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी असल्याने एका हीटरची मापे दुसऱ्याला लावता येत नाहीत. लाकडी तुळया, कापडी छत, मांडव, पावसाळी प्लॅस्टिक, कृत्रिम वेली, ध्वनिवर्धक आणि विजेच्या तारा या साऱ्या गोष्टी त्या अंतराबाहेर असाव्या लागतात. गुंडाळता येणारे छत असल्यास ते पूर्ण उघडलेल्या व पूर्ण मिटलेल्या अशा दोन्ही स्थितींत अंतर मोजावे लागते. अग्निशमनाच्या फवारणी तोट्या जवळ असल्यास विशेष काळजी आवश्यक असते, कारण सर्वसाधारण तोटीतील काचेचा फुगा ६८ अंश सेल्सिअसला फुटतो.

जागेला हवा येण्या-जाण्यासाठी पुरेसे कायमचे उघडे क्षेत्र असणे अनिवार्य आहे. हिवाळ्यात वारा अडवण्यासाठी चारही बाजूंनी पडदे सोडले की उघडा ओटा बंदिस्त खोलीसारखा होतो व हीटरच्या सुरक्षिततेचे गृहीतकच नाहीसे होते.

टांगणी : हीटर साखळी, धातूच्या दांड्या किंवा मजबूत कोनकंस यांवर बसवतात. त्याचा भार गॅसच्या नळीवर कधीही येऊ देत नाहीत. सिरॅमिक बर्नर उत्पादकाने ठरवलेल्या कोनातच ठेवावा लागतो. कोन चुकल्यास तप्त वायू मिश्रणनळीकडे वळतात व ज्वलन बिघडते.

गॅसजोडणी : नळीचा व्यास तिची लांबी व त्यावरील सर्व उपकरणांचा एकत्रित गॅसवापर यांवरून ठरतो. प्रत्येक हीटरच्या आधी, हाताला सहज पोहोचेल असा बंद करण्याचा व्हॉल्व्ह असतो. त्यानंतर कचरा साचण्यासाठी खाली वळवलेला नळीचा बंद तुकडा व दुरुस्तीसाठी सुटणारा जोड ठेवतात. आट्यांवर संबंधित गॅससाठी मान्य असलेला लेपच वापरतात.

गळतीची चाचणी : नवी नळी अधिक दाबाने तपासताना हीटर व त्याचा व्हॉल्व्ह वेगळा करून नळीचे तोंड बंद करतात. तसे न केल्यास त्या दाबाने व्हॉल्व्हमधील पडदा फाटू शकतो. हीटर जोडल्यानंतर नेहमीच्या दाबाखाली प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आल्यास तेथे गळती आहे असे समजावे. काडी पेटवून गळती शोधणे जिवावर बेतू शकते.

पहिले प्रज्वलन : नव्या नळीत हवा भरलेली असल्याने पहिल्या काही प्रयत्नांत हीटर पेटत नाही. दोन प्रयत्नांमध्ये काही मिनिटे थांबून साचलेला गॅस पसरू देणे आवश्यक असते. पेटल्यावर काही मिनिटांत फरशी सर्वत्र सारखी नारिंगी-लाल दिसली पाहिजे. यावेळी दाबमापकाने चालू स्थितीतील दाब तपासून तो पट्टीवरील आकड्याशी जुळतो याची खात्री करतात.

दोष आणि त्यांचे निराकरण

दुरुस्तीपूर्वी गॅस व वीज बंद करून हीटर पूर्ण थंड होऊ देतात. तपासणी साध्या कारणांपासून, म्हणजे रिकामा सिलिंडर, बंद व्हॉल्व्ह किंवा खंडित वीज यांपासून सुरू करतात.

ठिणगी पडत नाही : इलेक्ट्रोडचे सिरॅमिक तडकलेले असणे, ठिणगीचे अंतर बदललेले असणे, उच्चदाबाची तार सैल होणे किंवा ओलावा शिरणे ही नेहमीची कारणे आहेत.

ठिणगी पडते, पण हीटर पेटत नाही : नळीत हवा असणे, व्हॉल्व्ह न उघडणे किंवा जेट तुंबणे संभवते. वापर नसलेल्या महिन्यांत जेट व मिश्रणनळीत कोळी जाळी करतात. पावसाळ्यानंतर न पेटणाऱ्या हीटरमध्ये हे कारण आधी तपासतात. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नये. छिद्र किंचित रुंदावले तरी गॅसचे प्रमाण बदलते.

पेटतो, पण लगेच विझतो : दोष बहुधा ज्योत-संवेदनात असतो. तापयुग्म ज्योतीत नीट नसणे, ते जुने होणे किंवा त्याचा जोड सैल असणे हे साध्या हीटरमध्ये आढळते. विजेच्या हीटरमध्ये संवेदकावर काजळी चढणे, अर्थिंग नसणे किंवा फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल होणे ही कारणे असतात. ज्योत नीट जळत असूनही नियंत्रकाला ती ‘दिसत’ नाही.

फरशी निस्तेज दिसते : हीटर बंद असताना व चालू असताना असा दोन्ही वेळा दाब मोजतात. बंद असताना योग्य असलेला दाब चालू करताच कोसळत असेल, तर नळी अरुंद आहे, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे, रेग्युलेटर अपुरा आहे किंवा सिलिंडरमध्ये पुरेसे बाष्पीभवन होत नाही. ब्युटेनचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ०.५ अंश सेल्सिअस, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ब्युटेन अधिक असलेला सिलिंडर दाब धरत नाही व त्यावर दव किंवा हिम जमते. अशा सिलिंडरवर उकळते पाणी ओतणे किंवा त्याखाली जाळ करणे अत्यंत धोक्याचे आहे. दोन किंवा अधिक सिलिंडर एकत्र जोडणे हा त्यावरील योग्य उपाय होय.

‘फट्’ असा आवाज येऊन मागे ज्योत पेटते : फरशी तडकल्याचे किंवा तिची कडेची खळ निघाल्याचे हे लक्षण आहे. हीटर तत्काळ बंद करून फरशी बदलेपर्यंत वापरू नये.

पिवळी ज्योत व काजळी : हवा अपुरी पडत आहे किंवा जेट चुकीचे आहे. यासोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होत असण्याची शक्यता असल्याने हा दोष दुर्लक्षून हीटर चालू ठेवू नये.

सुरक्षितता

एलपीजी हवेपेक्षा जड आहे. प्रोपेन सुमारे दीडपट, तर ब्युटेन दुप्पट जड असतो. त्यामुळे गळलेला गॅस तळघर, गटार व खोलगट भागांत साचतो. हवेत साधारण २ टक्के प्रमाण झाले की तो पेट घेऊ शकतो. नैसर्गिक वायू हलका असून छताखाली जमतो. मूळ एलपीजीला जवळजवळ वास नसल्याने त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वास आल्यास ज्योती विझवणे, विजेची बटणे न दाबणे, पुरवठा बंद करणे आणि जागा मोकळी करणे ही क्रमवार कृती आहे. भारतात एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग, वास किंवा चव नसते. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही प्रारंभीची लक्षणे असतात आणि झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळमधून गेलेल्या आठ पर्यटकांचा, त्यांत चार बालकांचा, रात्री बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपल्यामुळे मृत्यू झाला. बाहेरच्या जागेसाठी बनवलेला हीटर निवासी खोलीत, तंबूत किंवा वाहनात कधीही वापरू नये, हा नियम अशाच घटनांमुळे काटेकोरपणे पाळला जातो.

पर्यावरण आणि निर्बंध

एक किलोग्रॅम एलपीजी जळल्यावर सुमारे ३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. उघडी जागा तापवण्यासाठी होणारा हा खर्च अपव्यय आहे, अशी टीका सातत्याने होते. युरोपीय संसदेने २००८ मध्ये संमत केलेल्या ठरावात पॅटिओ हीटर बाजारातून हटवण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. फ्रान्समधील रेन शहराने १ जानेवारी २०२० पासून आणि संपूर्ण फ्रान्सने ३१ मार्च २०२२ पासून उपाहारगृहांच्या उघड्या ओट्यांवर हीटर वापरण्यास बंदी घातली.

भारतातील वापर

भारतात उत्तरेकडील शहरे व थंड हवेची ठिकाणे यांपुरता पॅटिओ हीटरचा वापर प्रामुख्याने मर्यादित आहे. घरगुती वापराचा १४.२ किलोग्रॅमचा सिलिंडर व्यावसायिक जागेत वापरता येत नाही. तेथे १९ किलोग्रॅमचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. एका जागी १०० किलोग्रॅमपेक्षा अधिक एलपीजी साठवण्यास परवाना लागतो. मुंबई व पुणे परिसरात नळाने नैसर्गिक वायूचा पुरवठा होतो. अशा जोडणीवर नवे उपकरण बसवताना पुरवठादार कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडूनच काम करून घ्यावे लागते. याच तत्त्वावर चालणारे गॅस ब्रूडर कुक्कुटपालनात नवजात पिलांना ऊब देण्यासाठी टांगले जातात.

हे सुद्धा पहा

अवरक्त किरण
द्रवीभूत पेट्रोलियम वायू
कार्बन मोनॉक्साइड
तापयुग्म