लिनक्सचं टर्मिनल आपल्या सोयीचं कसं करावं?

मोबाइलवर बोट फिरवायची सवय झालेल्या माणसाला टर्मिनलची काळी खिडकी आधी परकीच वाटते. मलाही वाटली होती. डेस्कटॉपवर उबुंटू टाकलं तेव्हा इंटरनेटवरच्या कमांड चिकटवण्यापुरतंच मी ते उघडायचो. पुढे ते आवडायला लागलं, पण रंगीत थीममुळे नाही, चार-पाच बारीक गोष्टींमुळे. त्याच इथे सांगतो. उदाहरणं उबुंटूची आणि त्यातल्या बॅश शेलची आहेत. टर्मिनल ही नुसती खिडकी. त्यात टाइप केलेलं वाचून काम करतो तो शेल. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायची.

आधी फॉन्ट

कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की टर्मिनल उघडतं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन अक्षर मोठं करा, डोळे वाचतील. फॉन्ट असा निवडा की शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल वेगळे ओळखू येतील. जेटब्रेन्स मोनो किंवा देजावू सॅन्स मोनो चालेल.

मराठी नावाच्या फाइल इथे बऱ्याचदा विचित्र दिसतात, मात्रा भलतीकडे जातात. घाबरू नका, फाइल खराब झालेली नसते. टर्मिनल प्रत्येक अक्षर ठरावीक मापाच्या चौकोनात बसवतं आणि आपली जोडाक्षरं त्या चौकोनांत नीट मावत नाहीत, एवढंच.

हाताच्या सवयी

इथे कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नाही, चालू काम थांबवणं. कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी, पेस्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-व्ही. सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलंत तर स्क्रीन गोठल्यासारखी होते. मी तर एकदा कॉम्प्युटरच रीस्टार्ट केला होता! कंट्रोल-क्यू दाबलं असतं तरी पुरलं असतं. फाइलचं नाव अर्धं लिहून टॅब दाबा, उरलेलं शेल पूर्ण करतो.

हिस्टरी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो. कंट्रोल-आर दाबा आणि जुन्या कमांडमधला आठवेल तो तुकडा लिहा, अख्खी कमांड समोर येते. आणखी जुनी हवी असेल तर पुन्हा कंट्रोल-आर.

पण बॅश ही हिस्टरी फाइलमध्ये लिहितो ती शेल बंद होताना. मध्येच लाइट गेली की त्या बैठकीतलं सगळं गेलं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा काय नेम! उपाय सोपा आहे. होम फोल्डरमध्ये बॅशआरसी नावाची लपलेली फाइल असते, तिच्या नावाआधी टिंब असतं. तिच्या शेवटी एक ओळ जोडा: मोठ्या अक्षरांत प्रॉम्प्ट, अंडरस्कोअर, कमांड, मग बरोबरचं चिन्ह, आणि अवतरणचिन्हांत लहान अक्षरांत हिस्टरी, एक जागा, डॅश, ए. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. आता प्रत्येक कमांड लगेच लिहिली जाते. त्याच फाइलमध्ये हिस्टसाइझ १००० आणि हिस्टफाइलसाइझ २००० असतं, तेही वाढवून घ्या.

फाइल बदलण्याआधी

ही फाइल बदलण्याआधी सीपी कमांडनं तिची प्रत काढा. मी काढली नव्हती. पाथ म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी. तिच्यात माझं एक फोल्डर जोडायच्या ऐवजी मी अख्खी यादीच बदलून टाकली. नवीन खिडकी उघडली तर साधी एलएससुद्धा सापडेना, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचं होतं. नशीब, जुनी खिडकी उघडी होती. तिच्यातल्या शेलकडे जुनी यादी शाबूत होती, म्हणून तिथूनच नॅनो एडिटर उघडून फाइल दुरुस्त केली.

तेव्हापासून माझा नियम एकच: बदल नवीन खिडकीत तपासायचा आणि तो चालेपर्यंत जुनी बंद करायची नाही. चुकून बंद केलीत तर नॅनोचा पूर्ण पत्ता टाइप करा: स्लॅश, बिन, स्लॅश, नॅनो. पूर्ण पत्ता दिला की शेलला यादी लागतच नाही.

टीमक्स

दोन-तीन कामं एकत्र चालवायची असतील तर टीमक्स इन्स्टॉल करा. कंट्रोल-बी सोडून टक्क्याचं चिन्ह दाबलं की खिडकीचे शेजारी-शेजारी दोन भाग होतात. कंट्रोल-बी नंतर डी दाबलं की तुम्ही बाहेर येता, आतलं काम मात्र चालूच राहतं. परत जायला टीमक्स अटॅच. लाइट गेली तर हेही जातं, तेवढं लक्षात ठेवा.

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स वापरत असाल तर तिथेही बॅशच असतो. त्यामुळे टॅब, कंट्रोल-आर आणि बॅशआरसीतली ती ओळ तिथेही तशीच चालते.