दुसऱ्याचे नाव

शाळेच्या क्रीडासंमेलनानंतर पहिल्या आलेल्या मुलाचे नाव मी फळ्यावर लिहितो. यंदा ते लिहीत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, दुसऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही का हो?" मी खडू खाली ठेवला आणि मुलांना एका मास्तरांची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

या मास्तरांचे नाव आर्ने अँडरसन. १९१७ साली स्वीडनमधल्या ट्रोलहेटन गावी त्यांचा जन्म झाला. पेशा प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाचा आणि वेड मैलभर धावण्याचे. मैल म्हणजे १६०९ मीटर, चारशे मीटरच्या पट्टीला चार फेऱ्या आणि वर थोडे. हे अंतर चार मिनिटांच्या आत तोडणे माणसाच्या आवाक्यात आहे काय, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. १९३७ साली इंग्लंडच्या सिडनी वूडरसनने ४ मिनिटे ६.४ सेकंदांचा उच्चांक केला, आणि पुढे दोनच वर्षांत महायुद्ध पेटले. १९४० व १९४४ ची ऑलिंपिक रद्द झाली.

स्वीडन मात्र तटस्थ होते. तिथल्या धावपट्ट्या ओस पडल्या नाहीत. मास्तरांना जोडीदारही तोलाचा लाभला, गुंडर हेग. १९४२ च्या जुलैत हेगने ४ मिनिटे ६.२ सेकंदांत मैल तोडला. दहा दिवसांच्या आत मास्तरांनी नेमकी तीच वेळ दिली. सप्टेंबरात हेग ४ मिनिटे ४.६ सेकंदांवर आला. पुढच्या उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मास्तरांनी ४ मिनिटे २.६ सेकंद गाठले.

पण गडी गावात नसताना मारलेली बाजी मनाला पुरती पटत नाही. १८ जुलै १९४४ रोजी माल्मो शहरी दोघे समोरासमोर आले. हेगची रीत आघाडी घेऊन पळण्याची, मास्तरांची मागून गाठण्याची. त्या दिवशी मास्तर ४ मिनिटे १.६ सेकंदांत आले, हेग त्यांच्यामागून ०.४ सेकंदाने. जगाचा उच्चांक एका शाळामास्तराच्या नावावर!

तो पुरते वर्षही टिकला नाही. १७ जुलै १९४५ रोजी, त्याच माल्मोत, हेगने ४ मिनिटे १.४ सेकंदांत मैल जिंकला. मास्तर दुसरे आले.

त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत दोघांनाही स्पर्धांतून कायमचे बाद करण्यात आले. धावण्यासाठी पैसे घेतले, हौशी खेळाडूचा नियम मोडला, हा ठपका. नियम मोडला हे खरेच. पण आज त्याच खेळात बक्षिसाची रक्कम उघडपणे जाहीर होते, हेही खरे. मास्तर तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टरने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत चार मिनिटांची भिंत ओलांडली, तेव्हा या दोघांना धावपट्टी बंद होऊन आठ वर्षे झाली होती.

अँडरसन मास्तरांना शाळा मात्र उरली होती. हेगशी असलेली मैत्रीही तुटली नाही. २००९ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, ते वारले.

मुलांना मी एवढेच म्हणालो, की वूडरसनच्या उच्चांकातले पाच सेकंद या दोघांनी तीन वर्षांत मिळून कापले. हेगच्या मागे मास्तरांची पावले वाजत नसती, तर हेग तरी इतका कशाला पळता?

मग खडू उचलला आणि फळ्यावर दुसरे नाव लिहिले.