सिलिंडर-शीर्ष आणि कॅमदंड
अंतर्ज्वलन-एंजिनातील सिलिंडरांची वरची तोंडे झाकणाऱ्या ओतीव भागास सिलिंडर-शीर्ष म्हणतात. कारागीर त्याला नुसते ‘हेड’ म्हणतात. ज्वलनकक्षाचा वरचा भाग या शीर्षात असतो आणि ज्या एंजिनांत झडपा वर बसविलेल्या असतात, त्यांत वायू आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटाही त्यातूनच काढलेल्या असतात. झडपा केव्हा, किती व किती वेळ उघडाव्यात हे कॅमदंडावरील उंचवट्यांच्या आकारावरून ठरते. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत कॅमदंडाची एक फेरी होते. अशा रीतीने वायूची वाट शीर्षावर व त्याची वेळ कॅमदंडावर अवलंबून असल्याने, अधिक शक्तीसाठी यांपैकी एकच भाग बदलल्यास पुरेसा लाभ होत नाही. पुष्कळदा हानीच होते. हे तत्त्व एंजिनांच्या विकासातून क्रमाक्रमाने स्पष्ट झाले. महाराष्ट्रात दीर्घकाळ तयार झालेल्या जीप गाडीचे एंजिन हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे.

प्रारंभीच्या अनेक एंजिनांत शीर्ष व सिलिंडर एकसंध ओतलेले असत. १९०८ साली आलेल्या ‘फोर्ड टी’ मोटारीच्या एंजिनाचे शीर्ष सुटे काढता येत असे. या एंजिनाच्या झडपा सिलिंडराच्या बाजूस होत्या व शीर्ष म्हणजे केवळ झाकण होते. रचना स्वस्त व टिकाऊ असली, तरी वायूला वळणे घेत जावे लागे, त्यामुळे सु. २·९ लि. क्षमतेच्या या एंजिनापासून सु. २० अश्वशक्तीच मिळे. शीर्ष सुटे असल्याने ते बदलण्याचा व्यवसाय निर्माण झाला. शेव्हरोले बंधूंनी १९२० नंतरच्या दशकात या एंजिनासाठी ‘फ्रॉन्टेनॅक’ नावाची, झडपा वर असलेली शीर्षे विकली आणि शर्यतींच्या गाड्यांत ती लोकप्रिय झाली. त्यापूर्वीच, १९१२ मध्ये, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने शर्यतीच्या मोटारीत प्रत्येक सिलिंडरास चार झडपा व शीर्षावर दोन कॅमदंड अशी रचना यशस्वी करून दाखविली होती. बाजूच्या झडपांच्या एंजिनांत ज्वलनकक्षाचा आकार सुधारण्याचे महत्त्वाचे कार्य ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनी केले.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे ‘गो-डेव्हिल’ एंजिन बाजूच्या झडपांचे होते. डेल्मर रूस या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते सुधारण्यात आले होते. त्याची क्षमता सु. २,१९९ घ. सेंमी. असून मिनिटास ४,००० फेऱ्यांना ते ६० अश्वशक्ती देई. १९५० मध्ये याच एंजिनावर आधारलेले ‘हरिकेन’ एंजिन आले. सिलिंडरांचा व्यास व दट्ट्याची धाव तीच ठेवण्यात आली. मात्र अंतर्गम झडप मोठी करून शीर्षात नेण्यात आली आणि निष्कास झडप पूर्वीच्याच जागी बाजूस राहिली. अंतर्गम झडपेसाठी ढकलदांडे व रॉकर आले आणि कॅमदंडही या रचनेस अनुरूप करावा लागला. संपीडन गुणोत्तरही थोडे वाढविण्यात आले. परिणामी शक्ती ७२ अश्वशक्तीपर्यंत गेली, म्हणजे सु. २० टक्के वाढली. विशेष हे की, दोन्ही एंजिनांचा महत्तम पीळ (भुजादंड फिरविणारी ताकद) मिनिटास सु. २,००० फेऱ्यांच्या आसपासच राहिला. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवण्यापेक्षा वायूची वाट मोकळी करून ही वाढ साधली होती. शीर्ष उंच झाल्याने ‘सीजे-३बी’ जीपचे बॉनेटही उंच करावे लागले.

महिंद्र अँड महंमद या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने जीप भारतात आणली आणि पुढे मुंबईत तिचे उत्पादन केले. ‘सीजे-३बी’ हा प्रकार तिने अनेक दशके बनविला. सध्याच्या हिंगोली जिल्ह्यासारख्या (१ मे १९९९ पूर्वी परभणी जिल्ह्याचा भाग) काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात कच्च्या वाटेवरून जाणाऱ्या गाडीस उच्च वेगातील शक्तीपेक्षा कमी वेगातील ओढ अधिक उपयोगी पडते. ‘हरिकेन’ एंजिनाची जुळणी अशा कामास योग्य होती.

याउलट, शर्यतीसाठीचा कॅमदंड झडपा अधिक उचलतो व अधिक काळ उघड्या ठेवतो. मिनिटास ४,००० फेऱ्या होत असताना दट्ट्याच्या एका धावेस ०·००७५ सेकंदच मिळतो. म्हणून अंतर्गम झडप उशिरा मिटविल्यास आत येणाऱ्या वायूच्या वेगाचा लाभ घेता येतो. कमी वेगात मात्र तोच वायू मागे ढकलला जातो व ओढ घटते. म्हणून अशा कॅमदंडाबरोबर लहान ज्वलनकक्षाचे, म्हणजेच अधिक संपीडन गुणोत्तराचे शीर्ष घेतात. परंतु इंधनाच्या ऑक्टेन अंकामुळे या वाढीस मर्यादा पडते.

झडपेची उचल तिच्या व्यासाच्या एक-चतुर्थांश झाली की, तिच्या कडेभोवतीची मोकळी जागा झडपेच्या वर्तुळाएवढी होते, ४० मिमी. व्यासाच्या झडपेस ही उचल १० मिमी. असते. तेथून पुढे प्रवाह मुख्यतः शीर्षातील वाटेवर अवलंबून राहतो. वाट अरुंद असेल, तर कॅमदंडाची जादा उचल बव्हंशी वाया जाते. वाट फार रुंद असेल, तर कमी फेऱ्यांत वायूचा वेग मंदावून इंधन नीट मिसळत नाही. निष्कास वाट तुलनेने कोंडलेली असल्यास निष्कास झडप अधिक काळ उघडी ठेवणारा कॅमदंड निवडावा लागतो. झडप व दट्ट्या यांतील अंतर, तसेच स्प्रिंग पूर्ण दबण्यापूर्वीचे अंतर तपासले नाही, तर झडप दट्ट्यावर आदळून एंजिन निकामी होऊ शकते. शीर्ष घासून पातळ केल्यास ही तपासणी पुन्हा करावी लागते.

यामुळे गाडी कोणत्या वेगात व कोणत्या कामासाठी चालवावयाची हे आधी निश्चित करून कॅमदंड व शीर्ष एकत्रच निवडणे इष्ट ठरते. सार्वजनिक रस्त्यावरील वाहनात असे फेरफार करताना १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५२ लक्षात घ्यावे लागते. उत्पादकाने मूलतः नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करण्यास ते प्रतिबंध करते. आधुनिक एंजिनांपैकी अनेकांत झडपांची वेळ चालू स्थितीत बदलण्याची सोय असते. त्यामुळे कमी व अधिक वेगांतील गरजांचा मेळ पूर्वीपेक्षा चांगला घालता येतो; तथापि शीर्षातील वाटांचा आकार ओतकामातच ठरत असल्याने दोहोंची जुळणी आरेखनाच्या वेळीच करावी लागते.